पऱ्हाटीचा चढउतार

शुक्रवार हा आमच्या घरात कधीच महत्त्वाचा वार नव्हता. सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा, आणि शुक्रवार फार तर फुटाण्यांचा. त्या गरीब वाराने माझ्या म्हातारपणी एवढा धिंगाणा घातला, आणि याला जबाबदार असलेल्या जर्मन माणसाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही.

मी गोपाल गावंडे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम अकोला. फार वर्षांपूर्वी, अमरावतीला कॉलेजात असताना, मी एका रॉक बँडमध्ये होतो. हे सांगितलं की समोरचा आधी माझ्या टकलाकडे पाहतो, म्हणून मी सांगत नसे. बँडचं नाव ‘बडनेरा जंक्शन’. मोर्शीचा देवराव ड्रम बडवायचा, केशव गिटार वाजवायचा, गीतांजली गायची आणि मी बेस गिटारवर असायचो. बेस गिटार हे असं वाद्य आहे की ते वाजत असताना कुणाच्या लक्षात येत नाही आणि थांबलं तरी येत नाही. पुढे सरकारी नोकरीत मला या सवयीचा फार उपयोग झाला.

आम्ही एक कॅसेट काढली होती, ‘पऱ्हाटी’ नावाची. कपाशीच्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. इंग्रजी धाटणीचा रॉक आणि वऱ्हाडी शब्द, असा तो मामला होता. घेणारे बहुतेक आमचे मामा आणि मावश्याच होते. एक कॅसेट मी मोठ्या अभिमानाने तेल्हाऱ्याला बाबांना नेऊन दिली. माझे वडील किसनराव म्हणजे काळ्या जमिनीतला जुना कास्तकार. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, तिच्यात सरकी कुठे आहे असं विचारलं आणि कोनाड्यात ठेवून दिली. मोती साबणाच्या डब्याशेजारी ती आजही तिथेच आहे.

बाबांविषयी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे. त्यांनी मला आजवर कशासाठीच ‘बरं केलं’ म्हटलेलं नाही. नोकरी लागली तेव्हा म्हणाले, पेन्शन हाय का. लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, पोरगी चांगली हाय. म्हणजे कौतुक शकुनचं झालं. मुलगी झाली तेव्हाही शकुनचंच. साठी आली म्हणून काही माणसाची ही भूक जात नाही. बापाच्या तोंडून ते दोन शब्द एकदा ऐकायचे होते, आणि बाबा आता पंच्याऐंशीच्या घरात होते.

अशात त्या जर्मनाची ईमेल आली. हा गृहस्थ जगभरातल्या विस्मृतीत गेलेल्या कॅसेटी शोधून त्यांच्या काळ्या तबकड्या काढतो. मुंबईच्या कुठल्याशा जुन्या बाजारात त्याला ‘पऱ्हाटी’ सापडली होती आणि ती ऐकून तो वेडा झाला होता. शेजाऱ्यांचं एकमताने असं मत पडलं की हा फसवणुकीचा प्रकार आहे आणि तो लवकरच ओटीपी मागेल. मी पुष्कळ दिवस वाट पाहिली. त्याने ओटीपी मागितला नाही, सही मागितली. तबकडी काढायच्या परवानगीवर आम्ही चौघांनी सह्या केल्या, केशवने कॅनडातून केली, आणि विसरून गेलो.

मग एका शुक्रवारी पुण्याहून आमच्या मुलीचा, प्रणालीचा फोन आला. नव्याने निघालेल्या जुन्या रॉक तबकड्यांची म्हणे एक जागतिक यादी असते, शंभर नावांची, खपाप्रमाणे लावलेली, दर शुक्रवारी निघणारी. तिला चार्ट म्हणतात. त्यात जगातले मोठमोठे केसाळ लोक असतात. आणि त्यात चौऱ्याण्णवाव्या क्रमांकावर ‘पऱ्हाटी’, बडनेरा जंक्शन.

मी सोफ्यावर बसलो, उठलो, परत बसलो. शकुन म्हणाली, चहा ठेवू की डॉक्टरांना बोलवू. मी म्हटलं, आधी चहा. आणि चहा होईपर्यंत मी ती चूक केली.

आमच्या कॉलनीचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. त्यात शेजारचे महादेवराव रोज सकाळी बाजारभाव टाकतात. महादेवराव म्हणजे कापूस खरेदीतले निवृत्त ग्रेडर. कापूस चिमटीत धरून त्याची जात, ओल आणि मालकाचा स्वभाव सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. पुढे त्यांना चिमटीचीच सवय लागली. प्रणालीच्या लग्नात त्यांनी जावयाच्या कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली होती आणि गंभीरपणे मान हलवली होती. कॉलनीत सगळेच निवृत्त नोकरदार, पण प्रत्येकाचं गावाकडे पाच-दहा एकर आहे, त्यामुळे देवाच्या फोटोआधी लोक हे भाव पाहतात. त्या दिवशी त्यांनी तूर, सोयाबीन, हरभरा असे आकडे टाकले होते. त्याच्या बरोबर खाली मी, विनयापोटी, फार न लिहिता एवढंच लिहिलं: ‘पऱ्हाटी ९४. आशीर्वाद असू द्या.’

लोकांनी भराभर हात जोडले. पुढच्या शुक्रवारी मी लिहिलं, ‘पऱ्हाटी ६१.’ या वेळी हात जोडणारे कमी निघाले आणि कुणीतरी रडका चेहरा टाकला. मला वाटलं, बोट चुकलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तर महादेवरावांनी माझा खांदा धरला. ते बरंच अंतर माझ्याबरोबर चालले. मग म्हणाले, होते असं कधी कधी, एवढ्या झटक्यानं पडनं बरं नाई पन होते. मी विचारलं, काय पडलं? ते म्हणाले, पऱ्हाटी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्यांना बाकावर बसवलं आणि शांतपणे समजावून सांगितलं की हा भाव नाही, हा क्रमांक आहे. बोर्डात मुलं पहिली-दुसरी येतात तसा. आकडा जितका लहान तितकं यश मोठं.

महादेवरावांनी हे सगळं मन लावून ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पहिला येनाऱ्याचे मार्क एक असते काय, गोपालराव? मार्क वरच असते न त्याचे?”

मी अभियंता नसलो तरी अभियंत्यांच्या फायली सांभाळलेला माणूस आहे, आकड्यांशी माझा चांगला परिचय आहे. पण पहिल्या येणाऱ्याचे मार्क एक नसतात ही गोष्ट नाकारता येत नव्हती. मी चष्मा काढून पुसू लागलो, आणि मी डोळे पुसतोय असं त्यांना वाटलं.

खरा घोटाळा पुढेच आहे. तेल्हाऱ्याला बाबा रोज सकाळी महादेवरावांना फोन करून भाव विचारतात. माझ्यापेक्षा त्यांचा महादेवरावांवर विश्वास, कारण महादेवरावांनी एकदा त्यांच्या कापसाला पहिला दर्जा दिला होता. मला कुणीच दिला नव्हता. त्याच दुपारी बाबांचा फोन आला.

“गोपाल, तुही पऱ्हाटी पडून राहिली म्हनते.”

माझ्या गाण्याबद्दल बाबा आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलत होते. मी म्हटलं, बाबा, यात आकडा कमी झाला की चांगलं असतं.

“कमी झाल्यानं चांगलं होते, पन व्यापाऱ्याचं,” बाबा म्हणाले. “तू विकू नको. घरात भरून ठेव.” आणि फोन ठेवला.

शकुन तोंडात पदर धरून हसत होती. तिला हे सगळं पहिल्यापासून समजलेलं होतं आणि त्याचा मनापासून आनंद होत होता. ती म्हणाली, माल जर्मनीत आहे, पण सासऱ्यांचा हुकूम आहे तर एक तरी मागवून घरात भरून ठेवा. मलाही ते पटलं. तबकडी हातात आली, बाबांना प्रत्यक्ष दाखवली, ऐकवली, म्हणजे गैरसमज दूर होईल असा माझा साधा हिशोब होता. मी एक तबकडी मागवली.

ती अकोल्यापर्यंत सुखरूप आली आणि कुरिअरच्या कचेरीत अडकली. तिथल्या टेबलामागे आचल नावाची एक तरतरीत मुलगी होती. तिने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, तबकडी. ती म्हणाली, जेवायची? मी म्हटलं, गाण्याची. ती म्हणाली, मग पाकीट चौकोनी कसं? हे संपल्यावर तिने विचारलं की ही वस्तू कुणी बनवली. मी जरा छाती पुढे काढून म्हटलं, मी. ती बुचकळ्यात पडली. स्वतःच बनवलेली वस्तू माणूस परदेशातून विकत कशाला मागवेल, हा तिचा प्रश्न खरं तर बिनतोड होता. तिने पाकिटावरचं चित्र पाहिलं. चित्रात आम्ही चौघं बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर उभे आहोत आणि माझे केस खांद्यावर रुळत आहेत. मग तिने माझं आधार कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा केसांकडे. शेवटी ती अतिशय अदबीने म्हणाली, काका, हे तुमचे मोठे भाऊ आहेत का, त्यांना पाठवाल का?

मला मोठा भाऊ नाही. मी डोळ्यांवरचा चष्मा काढला, चित्रातल्यासारखी मान तिरकी केली, एक पाय पुढे टाकला आणि नसलेली गिटार धरून उभा राहिलो. मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका बाजूला सरकल्या. आचलने बराच वेळ निरखून पाहिलं आणि नाकावरून ओळख पटली असं सांगून पार्सल दिलं. एवढ्या वर्षांत कमावलेली अब्रू मी त्या काउंटरवर ठेवून आलो, पण तबकडी बगलेत होती.

आता ती वाजवायची कशावर? सगळ्या अकोल्यात मी रेकॉर्ड प्लेअर विचारत फिरलो. एका दुकानदाराने मला मोबाइल दिला, दुसऱ्याने सहानुभूती दिली. शेवटी मोर्शीला देवरावला फोन केला. देवराव हल्ली संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका चालवतो. त्याच्या सासऱ्यांचा एक प्लेअर माळ्यावर होता. तो म्हणाला, घेऊन येतो, पण त्यात मांजर व्यायली आहे, पिल्लांचे डोळे उघडू दे. मांजरीपुढे जागतिक चार्टला थांबावं लागलं.

चार्ट अर्थात थांबला नाही. आधी अडतीस, मग बारा, मग चार. जर्मन माणूस आनंदाने वेडी झालेली पत्रं पाठवत होता आणि कॉलनी माझ्याशी फार हळू बोलू लागली होती. भाजीवाली जुडीत दोन काड्या जास्त घालू लागली. समोरच्या आशाबाई शकुनला म्हणाल्या, भाऊजींना एकटं सोडू नका. कुणी म्हणे बोंडअळी पडली असेल, कुणी म्हणे आयात वाढली. मी गटात आकडा टाकणं बंद केलं, तर लोकांनी त्याचा अर्थ आणखी वाईट लावला. महादेवरावांना आता माझी गरजच नव्हती. नातवाने त्यांना चार्ट कसा उघडायचा ते शिकवलं होतं आणि दर शुक्रवारी हरभऱ्याखाली ते स्वतःच आकडा टाकत.

आणि मग तो शुक्रवार उजाडला. प्रणालीने फोनवर किंकाळी फोडली. ‘पऱ्हाटी’, क्रमांक एक. सगळ्या केसाळ लोकांच्या डोक्यावर बडनेरा जंक्शन उभं होतं. मी आणि शकुन स्वयंपाकघरात हात धरून नाचलो. एवढे नाचलो की पोळ्यांचा डबा पडला. मग मी पांढरा झब्बा घातला, पेढ्यांचा पुडा आणला आणि वाटायला निघालो.

फाटकातच आशाबाई भेटल्या. त्यांच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. त्यांच्यामागे आणखी दोघीजणी, त्यांच्याही हातात पातेली. माझा पांढरा झब्बा पाहून त्यांचे डोळे भरले. मी म्हटलं, पेढा घ्या, एक नंबर आला. आशाबाईंनी पेढा घेतला, कपाळाला लावला, माझ्या मागे उभ्या शकुनकडे पाहिलं आणि हळूच पातेलं तिच्या हातात दिलं. त्यात पिठलं-भात होता.

कुणाच्या घरी माणूस गेलं की चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पिठलं-भात पोचवतात. हा आमच्याकडचा फार चांगला रिवाज आहे. त्या दिवशी माझ्या घरी तीन पातेली पिठलं जमलं. जागतिक चार्टवर पहिला आलेल्या दुसऱ्या कुठल्या कलावंताला हा सन्मान मिळाला असेल असं मला वाटत नाही. पुरुषमंडळी ओट्यावर येऊन बसली. महादेवराव शेवटी एवढंच म्हणाले, आता खाली काय उरलं, शून्य. बाकीच्यांनी मान हलवली. मी पेढे फिरवत होतो आणि प्रत्येक पेढ्यागणिक माझ्या डोक्याविषयीची काळजी वाढत होती.

संध्याकाळी फाटकाशी ऑटो थांबला आणि बाबा उतरले. तेल्हाऱ्याहून एसटीने एकटेच आले होते. या वयात. माझ्या नोकरीच्या गावी ते कधी आले नव्हते, घराच्या वास्तूला आले ते जेवून लगेच परतले होते. ओट्यावरची मंडळी उठून उभी राहिली. बाबांनी टोपी सारखी केली, माझ्यासमोर आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बाबांचा हात पाठीवर शेवटचा कधी पडला होता ते मला आठवतं, तो वेगळ्या कारणाने पडला होता.

“पडलं तं पडू दे,” ते म्हणाले. “एका सालानं कोनी मरत नाई. कुठी बिघडलं ते पाहू आपन. दाखव मले.”

आता समजावून सांगायची हीच वेळ होती. शकुन माझ्याकडे पाहत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण बाबा ‘आपन’ म्हणाले होते.

देवराव नेमका त्याच दिवशी प्लेअर घेऊन आला होता, मांजर मोर्शीलाच ठेवून. आम्ही तो दिवाणखान्यात मांडला. बाबा खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. रोग पडलेल्या पिकात शिरताना ते असेच दिसत. देवरावने सुई टेकवली. पहिलं गाणं सुरू झालं आणि गीतांजलीचा आवाज पोपटासारखा येऊ लागला, कारण खटका चुकीच्या वेगावर होता. आम्ही दोघं प्लेअरवर झडप घालेपर्यंत बाबा डोळे न उघडता म्हणाले, घाई झाली, घाईत पेरलं की असंच होते. वेग सुधारल्यावर त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

मग बाबांनी आख्खी ‘पऱ्हाटी’ ऐकली. एका बाजूची आणि दुसऱ्या बाजूची, सगळी गाणी. मधे पाणी मागितलं नाही, तंबाखू काढली नाही. दुसऱ्या गाण्याला पाणी जास्त झालं म्हणाले. तिसऱ्यात ढोल लय दाट पेरला हाय, अंतर पाहिजे म्हणाले, आणि देवरावचा चेहरा पडला, कारण हेच मी त्याला कॉलेजात असल्यापासून सांगत होतो. चौथं गाणं संपलं. फक्त बोट फिरवून खूण केली, पुन्हा लाव. ते दुसऱ्यांदा वाजत असताना त्यांनी डोळे उघडले.

“हे खालून घुमून राहिलं ते काय हाय रे?”

मी म्हटलं, ते मी आहे, बाबा.

बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “जमीन चांगली हाय.”

एवढंच. ‘बरं केलं’ नाही म्हणाले. पण मला स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुवावं लागलं, आणि शकुनने न विचारता टॉवेल पुढे केला. तिथेच मी ठरवलं की आता कुणाला काही समजावून सांगायचं नाही. जगातल्या सगळ्या चार्टांचा मिळून जेवढा आनंद होता तेवढा मला बाहेरच्या खुर्चीत बसलेला दिसत होता.

रात्री सगळ्यांनी पिठलं-भात खाल्ला. फार चांगला झाला होता. बाबा सकाळच्या गाडीने परत गेले आणि जाताना महादेवरावांना सांगून गेले की आकड्यावर लक्ष ठेवा.

पुढचा भाग जर्मन माणसाच्या दृष्टीने दुःखाचा आहे. त्याचा सगळा माल पहिल्या क्रमांकाच्या आठवड्यातच संपला आणि नवा छापायला कारखान्यात जागा मिळेना. तबकडीच नाही तर खप कुठला? ‘पऱ्हाटी’ घसरू लागली. कॉलनीच्या भाषेत, ती उठली.

सात झाली तेव्हा महादेवराव धावत आले, चपला विसरून. एकोणतीस झाली तेव्हा आशाबाईंनी मारुतीला नारळ फोडला. सहासष्ट झाली तेव्हा भाजीवालीने जुडीतल्या दोन काड्या काढून घेतल्या, आता गरज नाही म्हणून. बाबा दर शुक्रवारी फोन करत, आकडा विचारत आणि “हं” म्हणत. या ‘हं’चा सूर दर आठवड्याला थोडा वर चढत होता, आणि तो ऐकण्यासाठी मी, एक शिकलेला माणूस, माझी स्वतःची कलाकृती बुडावी म्हणून मनातल्या मनात गजानन महाराजांना हात जोडत होतो. तिकडे जर्मन माणूस धीर सोडू नका म्हणून पत्रं लिहीत होता.

अठ्ठ्याण्णव झाली आणि कॉलनीने सत्कार जाहीर केला.

फाटकावर फ्लेक्स लागला. ‘पऱ्हाटी ९८! हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून कॉलनीतल्या प्रत्येकाचा फोटो होता, महादेवरावांचा काळा चष्मा घातलेला. माझाही होता. जागा पुरली नाही म्हणून कोपऱ्यात, लहान आणि अर्धा कापलेला. मारुतीच्या देवळासमोर मंडप घातला. प्रमुख पाहुणे किसनराव, तेल्हारा. आणि सत्कारमूर्तींनी आपल्या चमूसह एक गाणं वाजवून दाखवावं असंही ठरलं, माझ्याखेरीज सगळ्यांनी मिळून.

बार्शीटाकळीहून गीतांजली आली. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आहे. तिने कोसा साडीत मंचावर पाऊल ठेवलं, समोरच्या ओळीकडे नुसतं पाहिलं, आणि महादेवरावांसकट सगळे मांडी घालून हाताची घडी करून बसले. केशवच्या जागी लग्नात ऑर्केस्ट्रा वाजवणारा एक जण आणला. मंडपवाल्याच्या भोंग्याला माझी बेस गिटार जोडली तेव्हा पहिल्याच सुराला देवळाची घंटा आपोआप वाजली. लोकांनी हात जोडले.

आधी भाषण झालं. महादेवराव म्हणाले की एकावर आल्यावर मानूस खचते, पन गोपालराव खचले नाई, एकाचे सात केले, साताचे एकोनतीस केले. टाळ्या थांबेनात. शाल झाली, नारळ झाला. आशाबाईंनी बोंडं फुटलेल्या कापसाचा हार घातला. घालताना तो टकलाला अडकला आणि कापूस तिथेच चिकटून बसला. फोटो प्रणालीला गेला. तिने लिहिलं, बाबा, केस परत आले.

मग आम्ही चौथं गाणं वाजवलं. देवराव मोर्शीत नुसती कलमं बांधत नव्हता, कुठेतरी चोरून सराव करत होता हे पहिल्या ठेक्यातच कळलं. त्याने या वेळी अंतर ठेवून पेरलं. गीतांजलीचा आवाज जाड झाला होता आणि पहिल्यापेक्षा चांगला लागत होता. मधे देवरावच्या हातातली काठी सुटली आणि महादेवरावांच्या फेट्यात जाऊन रुतली. त्यांनी ती चिमटीत धरून काढली, तपासली आणि परत दिली. बायका उठून फुगड्या घालू लागल्या. माझी बोटं सोलली, कंबर धरली, डोक्यावरचा कापूस हलत राहिला. हे गाणं संपूच नये असं मला वाटत होतं.

संपलं तेव्हा बाबा उठले. भाषणांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी माईक हातात घेतला, उलटा धरला, मग देवरावने सुलटा करून दिला.

“वर असनाऱ्याचं कौतुक सारेच करते,” बाबा म्हणाले. “हा पडला होता. म्या पाहिला होता पडलेला. पडून उठला.” मग ते थांबले, माझ्याकडे वळले आणि माईकमधूनच, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणाले, “बरं केलं.”

कापसाच्या हाराचा एक फायदा असतो. डोळे पुसायला रुमाल लागत नाही.

सत्काराचे फोटो मी जर्मन माणसाला पाठवले. अठ्ठ्याण्णवाव्या क्रमांकावर एवढा उत्सव करणारे लोक त्याने जगात कुठे पाहिले नव्हते. त्याने लिहिलं की यशापयशाकडे पाहण्याची ही दृष्टी त्याला शिकायची आहे आणि तो हिवाळ्यात अकोल्याला येतो आहे. शकुन म्हणाली, येऊ दे, महादेवरावांकडे शिकवणी लावू.

पुढचा शुक्रवार आला. मी चार्ट उघडला, वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. ‘पऱ्हाटी’ कुठेच नव्हती. यादी शंभरावर संपत होती आणि आम्ही तिच्या बाहेर पडलो होतो. मला थोडं वाईट वाटलंच. शेवटी माणूस जगात पहिला आलेला असतो.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. आकडा किती, म्हणून त्यांनी विचारलं. मी आयुष्यात बाबांशी खोटं बोललेलो नाही, आणि त्या दिवशीही बोललो नाही.

“शंभराच्या पार गेली, बाबा.”

पलीकडे बाबांनी घसा साफ केला.

“मंग आता विकून टाक. लय हाव करू नये,” ते म्हणाले. “पन एक माह्याकडे आनून ठेव. बियान्यासाठी.”